कलम, किरण आणि पांढऱ्या पेशी

पांढुर्णा-सौंसर भागातल्या संत्रा बागायतदाराला कलमेची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. जंबेरीचा खुंट, सालीला छेद, छेदात संत्र्याचा डोळा आणि वरून घट्ट पट्टी. काही दिवसांनी पट्टी सोडून पाहिलं आणि डोळा हिरवा दिसला, की कलम लागली. खुंट एका जातीचा, वरचं झाड दुसऱ्या जातीचं, तरी दोघांचा संसार वर्षानुवर्षं एकाच मुळावर चालतो.

जनावराच्या आणि माणसाच्या शरीरात असं होत नाही. तिथे उपऱ्याला थारा मिळत नाही. तो का मिळत नाही, हे शोधायला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या जेम्स मर्फी या तरुण डॉक्टरने १९१२ च्या सुमारास अक्षरशः कलमच बांधून पाहिली. खुंट म्हणून उबवणीला ठेवलेलं कोंबडीचं अंडं आणि डोळा म्हणून उंदराच्या गाठीचा तुकडा. कलम लागली. अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या आवरणावर उंदराचा कर्करोग फोफावला. मात्र अठराव्या दिवसाच्या आसपास तीच गाठ सुकायला लागायची. तोवर पिल्लाची प्लीहा तयार झालेली असायची. मर्फीने मग मोठ्या कोंबडीच्या प्लीहेचा बारीक तुकडा सुरुवातीलाच अंड्यात ठेवून पाहिला, तर परकी गाठ मुळात धरेचना. सुकणाऱ्या गाठीभोवती सूक्ष्मदर्शकाखाली बारक्या, गोल पांढऱ्या पेशींचा गराडा दिसायचा. या पेशी म्हणजे लिम्फोसाइट.

गाठ खरोखर याच पेशी रोखतात का, हे ठरवायचं तर त्या काढून टाकून पाहायला हवं होतं. रोंटगेनने १८९५ मध्ये शोधलेले क्ष-किरण त्यासाठी हाताशी होते, आणि शरीरातल्या सगळ्या पेशींत किरणांपुढे आधी मान टाकतात त्या लिम्फोसाइटच. किरण दिलेल्या उंदरांनी, एरवी नाकारली असती ती कलम मुकाट्याने वाढू दिली. तेव्हा किरण हे प्रतिकारशक्तीचे मारेकरी ठरायला हवे होते. पण मर्फीच्याच पुढच्या प्रयोगांनी उलट साक्ष दिली. किरण हलके दिले तर काही दिवसांनी लिम्फोसाइट वाढायच्या, आणि शेकलेल्या कातडीत रोवलेला गाठीचा तुकडा धरत नसे. हे सगळं त्याने १९२६ साली पुस्तकात मांडलं. नंतर ते पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं.

आपल्याकडे ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, त्या किरणोपचाराचा अर्धा इतिहास मर्फीच्या टेबलावरच्या त्या दोन परस्परविरुद्ध निकालांत दडलेला आहे. किरण गाठ मारतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण गाठ मेल्यावर शरीराला जाग येते की नाही आणि त्या जागेचं पुढे काय होतं, हे समजायला शंभर वर्षं लागली. त्यातली निम्मी वर्षं, माझ्या मते, एका जुन्या भांडणात वाया गेली.

ते भांडण मर्फीच्या आधीचं आणि त्याच शहरातलं. १८९१ च्या जानेवारीत विल्यम कोली या तरुण शल्यविशारदाची एक रुग्ण दगावली. एलिझाबेथ डॅशील, हाताच्या हाडाचा सार्कोमा. कोवळ्या वयातल्या त्या मुलीचा हात काढूनही रोग पसरला. कोली अस्वस्थ होऊन रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळत बसला आणि त्याला एक विलक्षण नोंद सापडली. मानेवरची गाठ पुन्हा पुन्हा उलटलेल्या एका रुग्णाला विसर्प झाला होता, म्हणजे जंतूंमुळे कातडी लाल होऊन तापाने फणफणायचा आजार. ताप उतरला तेव्हा गाठही नाहीशी झाली होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोलीने झोला नावाच्या एका रुग्णाच्या गाठीत ते जंतू मुद्दाम टोचले. रुग्ण मरणाच्या दारात जाऊन परत आला आणि पुढे काही वर्षं जगला. त्यानंतर कोलीने मेलेल्या जंतूंचं मिश्रण वापरायला सुरुवात केली. ‘कोलीचं टॉक्सिन’ या नावाने ते प्रसिद्ध झालं.

कोली पुढे ज्या कर्करोग रुग्णालयात काम करू लागला, तेच नंतर मेमोरियल हॉस्पिटल झालं. १९१० नंतर तिथे जेम्स यूइंग या विकृतिशास्त्रज्ञाचा शब्द चालू लागला. खाणमालक जेम्स डग्लस यांच्या मुलीचा कर्करोगाने मृत्यू झाला होता. त्यांनी रुग्णालयाला पैसा आणि रेडियम दिलं. यूइंगचा रेडियमवर भरवसा होता आणि कोलीच्या टॉक्सिनवर अजिबात नव्हता. त्याला दोष देणं सोपं आहे, पण पुरावा पाहिला तर त्याची बाजू तेव्हा भक्कम होती. रेडियम मोजून देता येत होतं. कोलीचं औषध मात्र दर बनावटीला वेगळं निघायचं, एकाला गुण येई तर दुसऱ्याला नुसता ताप. चूक झाली ती पुढे. रेडियमवाले एका काठाला आणि प्रतिकारशक्तीवाले दुसऱ्या काठाला, अशी वाटणी होऊन बसली. किरण म्हणजे नेम धरून जाळणं, त्यात शरीराचा संबंध नाही, असं डॉक्टरांच्या पिढ्या शिकत गेल्या. कोली १९३६ मध्ये वारला.

हिंदुस्थानात किरणोपचार आला तो याच शिकवणुकीसह. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पाठोपाठ १९३२ मध्ये सर दोराबजी. त्यांच्या ट्रस्टमधून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर गाठींचे तुकडे तपासत होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि अमेरिकेहून परतल्यावर देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. गाठीइतकंच, ती गाठ ज्या शरीरात वाढते त्या शरीराकडेही पाहायचं, संप्रेरकं काय करतात, विषाणू काय करतात, हा रणदिवे यांच्या संशोधनाचा धागा होता.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्याला मुंबई लांब होती. जवळ होतं ते नागपूर. १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा नागपूर जुन्या मध्य प्रांताची राजधानी होती आणि सौंसरहून दवाखान्यासाठी नागपूरला जाणं म्हणजे आपल्याच राजधानीला जाणं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्ह्यातली ही मराठी गावं मध्य प्रदेशात राहिली. राजधानी भोपाळला गेली, आजारी माणूस मात्र नागपूरलाच जात राहिला. पांढुर्ण्याहून नरखेड, काटोल करत रेल्वेने शंभरेक किलोमीटर, सौंसरहून सावनेरमार्गे साठ-सत्तर. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पण या वाटेत बदल झाला नाही.

त्या वाटेच्या टोकाला असलेल्या कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराजांची खंजिरी या भागातल्या गावागावांत वाजली आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचं देहावसान झालं ते कर्करोगानेच. त्या रुग्णालयाच्या दारात उतरणाऱ्या कितीतरी जणांच्या आजाराचं मूळ खर्रा असतं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला तो पुडा तोंडाच्या कर्करोगाचा उघड रस्ता आहे. अशा रुग्णाला बहुधा ऑपरेशन आणि नंतर शेक, किंवा नुसता शेक आणि सोबत केमो. दिवसाला २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, सहा ते सात आठवडे, एकूण ६० ते ७० ग्रे. आणि रोग लसीकेच्या गाठींत उतरतो म्हणून तोंडासोबत मानही. मान लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दरम्यान जुनी गोष्ट कपाटातून पुन्हा बाहेर येत होती. १९५३ मध्ये रॉबिन मोल या इंग्रज संशोधकाने किरण एकीकडे दिले असता शरीरात भलतीकडे दिसणाऱ्या परिणामाला ‘ॲब्स्कोपल’ हे नाव दिलं. ‘लक्ष्यापासून दूर’ असा त्याचा अर्थ. त्याला कारण सांगता आलं नाही, पण नाव मिळाल्यामुळे डॉक्टर अशा घटना नोंदवू लागले. त्या होत्या फार थोड्या. १९६९ ते २०१४ या काळातल्या वैद्यकीय नियतकालिकांत मिळून अशा ४६ रुग्णांच्या नोंदी सापडतात. लक्षावधी लोकांनी शेक घेतला, त्यातले ४६. हा आकडा ज्यांना चमत्काराची घाई असते त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा.

खरा धक्का १९७९ मध्ये बसला, आणि तो दूरच्या गाठीचा नव्हता, शेकलेल्याच गाठीचा होता. अमेरिकेत हेलन स्टोन आणि तिच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एकात टी-पेशी शाबूत, दुसऱ्यात काढून टाकलेल्या. टी-पेशी या लिम्फोसाइटचाच एक लढाऊ प्रकार. दोन्ही गटांत गाठ एकच. निम्म्या उंदरांची गाठ कायमची जायला धडधाकट गटात सुमारे ३० ग्रे पुरले. टी-पेशी नसलेल्या गटात त्याच कामाला ६० ग्रेच्या वर किरण लागले. म्हणजे ज्या यशाचं सगळं श्रेय यंत्राला मिळत होतं, त्यातलं जवळपास निम्मं काम उंदराच्या अंगातल्या पेशी करत होत्या. इतका स्पष्ट निकाल असूनही तो पाव शतक बाजूला पडून राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

२००४ मध्ये न्यूयॉर्कला सँड्रा डेमारिया आणि सिल्व्हिया फॉर्मेंटी यांनी उंदराच्या दोन बाजूंना स्तनाच्या कर्करोगाच्या दोन गाठी वाढवल्या आणि शेक एकीलाच दिला. सोबत डेंड्रायटिक पेशी वाढवणारं औषध दिलं. न शेकलेली गाठही रोडावली. टी-पेशी नसलेल्या उंदरांत यातलं काही घडलं नाही. दुसऱ्या बाजूला वेगळ्याच जातीची गाठ ठेवली तेव्हा तिच्यावरही परिणाम दिसला नाही. शरीर ओळख पटवून मारत होतं.

ही ओळख पटते कशी? किरणांनी डीएनए तुटतो आणि पेशी मरते, पण मरताना ती गप्प राहत नाही. तिच्या पृष्ठभागावर कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रथिन चढतं, ती ‘मला गिळा’ अशी खूण. आतून एचएमजीबी-१ नावाचं दुसरं प्रथिन बाहेर सांडतं. केंद्रकाबाहेर आलेले डीएनएचे तुकडे पाहून पेशीतली धोक्याची घंटा वाजते, कारण डीएनए तिथे सहसा विषाणूच आणतो. डेंड्रायटिक पेशी या गाठीतल्या खबऱ्या. त्या मेलेल्या पेशीचे अवशेष उचलतात, जवळच्या लसीकेच्या गाठीत नेतात आणि तिथे टी-पेशींना दाखवतात. ज्या टी-पेशीला खूण पटते ती वाढते, फौज होते आणि रक्तातून परत गाठीकडे येते. हा सारा तपशील प्रामुख्याने २००७ ते २०१७ या दहा वर्षांत उलगडला.

पण त्याच गाठीत उलटा कारभारही सुरू होतो. शेकलेल्या गाठीत टीजीएफ-बीटा हे प्रतिकारशक्ती दडपणारं रसायन जागं होतं, आवर घालणाऱ्या टी-पेशी जमतात, आणि उरलेल्या कर्करोगी पेशी अंगावर पीडी-एल-१ हे प्रथिन चढवून आलेल्या टी-पेशींना थोपवून धरतात. डोस वाढवला की जाग वाढते, असंही नाही. २०१७ मध्ये दिसून आलं, की एका वेळचा डोस १२ ते १८ ग्रेच्या वर गेला तर पेशीत ट्रेक्स-१ नावाचं विकर वाढतं आणि केंद्रकाबाहेरचा डीएनए पुसून टाकतं, म्हणजे घंटाच बंद. आपल्या नव्या मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने २०१८ मध्ये आणखी एक बाजू मांडली. किरणांनी मरणाऱ्या पेशींतून क्रोमॅटिनचे, म्हणजे प्रथिनांत गुंडाळलेल्या डीएनएचे, कण सुटतात, शेजारच्या निरोगी पेशींत शिरतात आणि तिथे डीएनएला इजा करून दाह पेटवतात. पिकाला पाणी देणारा पाट फुटला की तोच शेत वाहून नेतो, तसं हे आहे.

मेमोरियल हॉस्पिटल आता मेमोरियल स्लोन केटरिंग झालं होतं. मार्च २०१२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. मेलानोमा झालेली बाई, टी-पेशींचा लगाम सोडणारं इपिलिमुमॅब चालू, तरी रोग हळूहळू वाढतच होता. पाठीच्या कण्याजवळची गाठ दुखू लागली म्हणून तेवढ्याच जागी तीन वेळा मिळून २८.५ ग्रे शेक दिला. काही महिन्यांत प्लीहेतल्या आणि फुफ्फुसाजवळच्या, ज्यांना शेक लागलाच नव्हता, त्या गाठीही आक्रसल्या. ज्या रुग्णालयात रेडियमने कोलीला बाजूला सारलं, तिथेच शंभर वर्षांनी किरण आणि प्रतिकारशक्ती एका रुग्णाच्या अंगात खांद्याला खांदा लावून लढले. इपिलिमुमॅबमागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन यांना २०१८ मध्ये तासुकू होन्जो यांच्यासह नोबेल मिळालं.

एका रुग्णावरून उपचार ठरत नाहीत, म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. फुफ्फुसाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगात केमो-किरणोपचार संपल्यावर ड्युर्व्हालुमॅब हे टी-पेशींचा लगाम सोडणारं औषध दिल्याने पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ३३.४ टक्क्यांवरून ४२.९ टक्क्यांवर गेलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शेकासोबत तशाच प्रकारचं पेम्ब्रोलिझुमॅब दिल्याचा फायदा २०२४ मध्ये सिद्ध झाला. आणि आपल्या भागाला ज्याच्या निकालाची सगळ्यात जास्त वाट होती, त्या तोंड-घशाच्या कर्करोगात? २०२१ मध्ये अव्हेलुमॅबची चाचणी फसली. ६९७ रुग्ण, शेक आणि केमोसोबत औषध, फायदा शून्य. त्यानंतर पेम्ब्रोलिझुमॅबही त्याच पद्धतीने देऊन पाहिलं, ८०४ रुग्णांत, आणि तिथेही ठोस फरक निघाला नाही.

इथे मानेची आठवण करा. खबऱ्या पेशी ज्या लसीकेच्या गाठींत जाऊन फौज उठवतात, त्या मानेत असतात, आणि सात आठवडे रोज त्या गाठींवरच शेक पडत असतो. लिम्फोसाइट मरायला १-२ ग्रेही पुरतात. गाठीत मुरून बसलेल्या टी-पेशी रक्तातल्यांपेक्षा चिवट असतात, हे शिकागोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांत दाखवलं. पण नवी भरती होते ती छावणीत, आणि आपण छावणीच शेकत असलो तर औषधाने लगाम सोडायचा कुणाचा? चाचण्या फसण्याचं हे एकच कारण असेल असं नाही, तरी मला ते सर्वांत पटणारं वाटतं. कारण २०२५ मध्ये निकाल आलेल्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब ऑपरेशनच्या आधी, म्हणजे मानेच्या गाठी शाबूत असताना सुरू केलं आणि नंतर शेकासोबत पुढे चालू ठेवलं, तेव्हा रोग न उलटता जाणारा काळ ३०.४ महिन्यांवरून ५१.८ महिन्यांवर गेला. मर्फीच्या उंदरांनी १९१५ च्या सुमारास हेच सांगितलं होतं. किरण आधी कुठे आणि किती पडले, त्यावर लिम्फोसाइटचं भवितव्य ठरतं.

ही औषधं फार महाग आहेत, दोन-पाच एकर संत्र्याच्या धन्याला न झेपणारी. म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केलेल्या एका चाचणीचं मोल मला मोठं वाटतं. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी, ज्यांच्या तोंड-घशाच्या कर्करोगावर आता मुळापासून इलाज शक्य नव्हता अशा १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना गोळ्यांच्या स्वस्त केमोसोबत निव्होलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी दिला. हा नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. वर्षभर जगणारे १६.३ टक्के होते ते ४३.४ टक्के झाले. यात शेक नव्हता, आणि शेकासोबत हाच छोटा डोस चालेल असं त्यावरून म्हणता येत नाही. पण प्रतिकारशक्तीचं औषध आपल्या खिशाच्या मापात बसवता येतं, हे मुंबईने दाखवून दिलं.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांना माझी विनंती आहे. घरात कुणाला शेक सुरू असेल तर एकही दिवस चुकू देऊ नका. तोंड-घशाच्या कर्करोगात उपचार लांबला की दर वाढीव दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने घटते. संत्र्याचा तोडा असो, पोळा असो की दुसऱ्या दिवशीची गोटमार, नागपूरची गाडी चुकवू नका. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या जोडलेल्या रुग्णालयांतही चालतं, ते सोबत ठेवा. शेक चालू असताना ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णं आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये शेक घेणाऱ्या ५४० रुग्णांच्या चाचणीत जीवनसत्त्व-ई च्या गोळ्यांनी फायदा तर केला नाहीच, उलट त्या घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. आणि खर्ऱ्याची पन्नी आजच फेका.